बातमी सांगणारा माणूस

(पत्रकारदिनी येथील वाचनालयाच्या सभागृहात आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहा जानेवारीचा दिवस उजाडला की आमच्यासारख्या वर्तमानपत्री माणसाला ओढून व्यासपीठावर उभे करावयाचे, ही या गावची रीत आहे. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले आणि मराठी माणसाच्या हाती वर्तमानपत्र नावाची वस्तू आली. वर्षभर आम्ही लिहावे आणि आपण वाचावे. या एका दिवशी आम्ही बोलावे आणि आपण ऐकावे. आपल्या पदरी दोन्हींकडून सोसणेच येते, तरीही आपण इतक्या संख्येने आला आहात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

आजच्या दिवशी जांभेकरांचे, टिळकांचे, आगरकरांचे स्मरण करावे, हे उचितच. परंतु तो विषय येथे अनेक अधिकारी वक्त्यांनी मांडलेला आहे आणि आम्ही त्यात नवी भर घालू शकू, असे आम्हांस वाटत नाही. म्हणून आज आम्ही एका सातासमुद्रापलीकडच्या माणसाची कथा सांगण्याचे योजिले आहे. तो संपादक म्हणून प्रसिद्ध नव्हता. ग्रंथकार म्हणून तर नव्हताच. रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येऊन तो आपल्या देशबांधवांना दिवसभराच्या बातम्या सांगत असे. त्याचे नाव वॉल्टर क्रॉन्काइट. अमेरिकेसारख्या प्रचंड आणि भांडखोर देशाने एकोणीस वर्षे या एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. तो का ठेवला, आणि असा विश्वास कशाने मिळतो व कशाने जातो, हा आजचा आमचा प्रश्न आहे. हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. तो आमचा आहे आणि आपलाही आहे.

दूरचित्रवाणीवरून बातम्या सांगणारा माणूस आपणांस अपरिचित नाही. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांच्यासारख्या पुढे अभिनयासाठी गाजलेल्या स्त्रियांनी तेथे मराठी बातम्या वाचल्या. प्रदीप भिडे यांचा धीरगंभीर आवाज तर अनेक वर्षे घरोघर पोहोचत होता. २०२२ साली ते निवर्तले, तेव्हा घरातलेच कोणी गेल्यासारखे पुष्कळांना वाटले. तथापि आपल्याकडील वृत्तनिवेदक हा मुख्यतः दुसऱ्यांनी लिहिलेली बातमी शुद्ध आणि सुस्पष्ट वाणीने वाचणारा होता. क्रॉन्काइट यांची गोष्ट थोडी वेगळी. ते आधी बातमीदार होते, आणि पडद्यावर बसल्यानंतरही त्यांनी आपल्यातील बातमीदाराला रजा दिली नाही.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ रोजी मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ या गावी झाला. वडील दंतवैद्य. लहानपण कन्सास शहरात आणि पुढे टेक्सासमधील ह्यूस्टन येथे गेले. १९३३ साली ऑस्टिनच्या विद्यापीठात नाव घातले खरे. परंतु वर्गातील व्याख्यानांपेक्षा वर्तमानपत्राच्या कचेरीचा नाद अधिक. दोन वर्षांत त्यांनी विद्यापीठ सोडले. पदवी नाही ती नाहीच. पुढे १९८४ साली ॲरिझोनातील विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या विद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले. पदवी न घेतलेल्या माणसाच्या नावाच्या शाळेतून आज तरुण पदव्या घेऊन बाहेर पडतात! असो.

वृत्तपत्रात थोडी उमेदवारी केल्यावर १९३६ साली ते कन्सास शहरातील एका नभोवाणी केंद्रावर रुजू झाले. तेथे त्यांना ‘वॉल्टर विल्कॉक्स’ असे टोपणनाव देण्यात आले होते. दूरच्या मैदानावर चाललेल्या फुटबॉलच्या सामन्याची तार येई, आणि ती वाचून जणू सामना डोळ्यांसमोर चालला आहे, असे रसभरित वर्णन करण्याचे काम त्यांच्याकडे असे. आणि येथेच, वयाच्या विशीत, त्यांच्या आयुष्यातील पहिली खरी परीक्षा झाली.

ती हकीगत त्यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितली आहे. एके दिवशी केंद्राच्या कार्यक्रम-अधिकाऱ्यास त्याच्या पत्नीचा दूरध्वनी आला की, नगरभवनाला आग लागली असून उड्या टाकताना तीन बंबवाले ठार झाले आहेत. अधिकारी म्हणाला, ही बातमी ताबडतोब सांग. क्रॉन्काइट म्हणाले, आधी अग्निशामक दलाकडे चौकशी करतो. अधिकारी म्हणाला, चौकशी कसली? माझी बायको डोळ्यांनी पाहते आहे. तरुण क्रॉन्काइट दूरध्वनी फिरवीत राहिले. अधिकारी स्वतःच ध्वनिक्षेपकापुढे जाऊन बसला आणि मनास येईल तसे आगीचे वर्णन करू लागला. चौकशीअंती निष्पन्न काय झाले? आग किरकोळ होती. कोणीही दगावले नव्हते. आणि या सचोटीचे बक्षीस म्हणून क्रॉन्काइट यांची नोकरी गेली.

बंधुभगिनींनो, ही हकीगत आम्ही प्रथम वाचली तेव्हा आम्हांस हसू आले नाही. उलट मान खाली गेली. त्याचे कारण आज येथे सांगून टाकतो.

आमच्या उमेदवारीच्या काळी एका पावसाळी रात्री कचेरीत निरोप आला की, घाटात बस कोसळली आणि सात उतारू ठार झाले. निरोप आणणारा गृहस्थ भला होता. परंतु त्याने स्वतः काही पाहिलेले नव्हते. पहिले पान लावून तयार होते, जुळारी हात बांधून उभे होते, यंत्र सुरू व्हावयाचे होते. ट्रंक कॉल लावावा, तर तासभर तरी खोळंबा. आम्ही थांबलो नाही. ‘सात ठार’ असा ठळक मथळा देऊन मोकळे झालो. सकाळी खरी हकीगत कळली. बस घसरून रस्त्याकडेच्या चरात कलंडली होती, दोघातिघांना खरचटले होते, प्राण कोणाचेही गेले नव्हते. आम्ही दुसऱ्या दिवसाच्या अंकात खुलासा छापावयाचे ठरविले आणि मनाशी म्हटले, चला, कोणी मेले नाही, हे बरेच झाले.

दुपारी एक म्हातारी कचेरीच्या पायरीशी येऊन बसली. तिच्या गावात सकाळी कोणी तरी अंक वाचून दाखविला होता, आणि तिचा मुलगा त्याच बसने येणार होता. ती अनवाणी, भर पावसात, तीन कोस चालत आली होती. आम्ही तिला सांगितले की आजी, बातमी चुकीची होती. कोणी गेलेले नाही, तुमचा मुलगा सुखरूप असेल. ती रागावली नाही, आम्हांस शिव्याशाप दिले नाहीत. कितीतरी वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “बाबा, पेपरात छापल्यालं बी खोटं असतंय व्हय?”

तिचा मुलगा संध्याकाळपर्यंत घरी पोहोचला. परंतु तिच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. एक तास वाचविण्यासाठी आम्ही काय घालविले, हे त्या प्रश्नाने आम्हांस दाखविले. कन्सासच्या त्या तरुणाने नोकरी घालविली; आम्ही नोकरी राखली. दोहोंत कोणाचे नुकसान अधिक झाले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता पुन्हा मूळ कथेकडे वळू. १९३७ साली क्रॉन्काइट ‘युनायटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेत शिरले. त्याच वर्षी मार्चमध्ये टेक्सासच्या न्यू लंडन गावी शाळेत वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतेक कोवळी मुले. वीस वर्षांचा हा बातमीदार तेथे पाठविण्यात आला होता. दुःखाची बातमी लिहिताना हात कसा आवरावा लागतो, हे त्यांनी त्या ढिगाऱ्यापाशी शिकून घेतले.

पुढे दुसरे महायुद्ध आले. उत्तर आफ्रिकेतील उतरणीपासून ते युरोपातील अखेरच्या लढायांपर्यंत ते बातमीदार म्हणून हिंडले. २६ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन बंदरावर बॉम्बफेक करावयास निघालेल्या विमानांतून काही बातमीदारही गेले. क्रॉन्काइट त्यांतील एक. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे रॉबर्ट पोस्ट हे त्यांचे सहकारी त्या दिवशी परत आले नाहीत. सप्टेंबर १९४४ मध्ये छत्रीधारी सैनिकांच्या संगतीने क्रॉन्काइट इंजिन नसलेल्या ग्लायडर विमानातून हॉलंडच्या भूमीवर उतरले. युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्ग येथील नाझी पुढाऱ्यांच्या खटल्याचे वृत्त त्यांनी दिले आणि नंतर १९४६ ते १९४८ या काळात मॉस्कोतून बातमीदारी केली. पडद्यावर शांतपणे बोलणाऱ्या या माणसामागे एवढा अनुभव उभा होता. युद्धावर बोलणाऱ्याने एकदा तरी तोफेचा आवाज जवळून ऐकलेला असावा, एवढी अपेक्षा फार मोठी नव्हे.

१९५० साली एडवर्ड मरो या विख्यात नभोवाणी-बातमीदाराने त्यांना सी. बी. एस. या संस्थेत आणले. वस्तुतः मरोंनी त्यांना युद्धकाळातच, १९४३ साली, बोलावले होते. परंतु तेव्हा क्रॉन्काइट यांनी तारसंस्थेचे काम सोडले नाही. दूरचित्रवाणी त्या वेळी नवखी होती. नामांकित नभोवाणी-बातमीदार तिच्याकडे नाक मुरडून पाहत. क्रॉन्काइट यांनी नाक मुरडले नाही. १९५२ साली दोन्ही राजकीय पक्षांची अध्यक्षपदाचे उमेदवार निवडणारी अधिवेशने प्रथमच देशभर पडद्यावर दिसली, आणि तासन्‌तास चाललेल्या त्या गदारोळाचे सूत्र एका जागी बसून सांभाळण्याचे काम क्रॉन्काइट यांच्याकडे आले. अशा माणसाला ‘अँकर’ म्हणण्याचा प्रघात तेथून पडला. हा शब्द प्रथम कोणी योजिला, याविषयी वाद आहे. परंतु शब्दाचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. वाऱ्यावादळात जहाज वाहून जाऊ नये, म्हणून जो तळाशी रुतून बसतो तो. आजकाल पडद्यावर जे अँकर आपण पाहतो, त्यांपैकी किती नांगर आहेत आणि किती शिडे आहेत, याचा विचार आपणच करावा.

१६ एप्रिल १९६२ रोजी डग्लस एडवर्ड्‌स यांच्या जागी क्रॉन्काइट हे सी. बी. एस.च्या सायंवार्तांचे प्रमुख निवेदक झाले. कार्यक्रम त्या वेळी अवघा पंधरा मिनिटांचा होता. २ सप्टेंबर १९६३ पासून तो अर्ध्या तासाचा झाला, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी अध्यक्ष केनेडी यांची घेतलेली मुलाखत दाखविण्यात आली. त्यांनी एक गोष्ट आग्रहाने मागून घेतली होती: निवेदक या नावाबरोबरच ‘कार्यकारी संपादक’ हे पद. कोणती बातमी जाईल, कोणत्या क्रमाने जाईल आणि कोणत्या शब्दांत जाईल, यांत आपला शब्द चालला पाहिजे. नाही तर दुसऱ्याच्या चुकीला आपला चेहरा द्यावा लागतो, हे ते जाणून होते. बोलण्याचा वेगही त्यांनी हेतुपुरस्सर धीमा ठेवला होता. मिनिटाला सुमारे १२४ शब्द. ऐकणाऱ्याला समजले पाहिजे, एवढाच त्यामागील हेतू.

आणि मग २२ नोव्हेंबर १९६३ चा तो दिवस. डॅलस शहरात अध्यक्ष केनेडींच्या मोटारींच्या ताफ्यावर गोळ्या झाडल्या गेल्याची तार कचेरीत येऊन थडकली. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे दुपारचा एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती. पडद्यावर एक कौटुंबिक मालिका चालू होती. त्या काळचे कॅमेरे तापून तयार होण्यास वेळ लागे. म्हणून प्रथम केवळ आवाज गेला. चेहरा नंतर दिसला. त्यानंतरच्या तासाभरात अफवांचे पीक आले. इस्पितळातून कोणी म्हणाले, अध्यक्ष गेले. धर्मगुरूंच्या हवाल्याने कोणी तेच सांगितले. खुद्द त्यांच्या संस्थेचा डॅलस येथील बातमीदार डॅन रॅदर यानेही मृत्यूची वार्ता कळविली. क्रॉन्काइट यांनी यांतील काहीही दडविले नाही. परंतु कोण काय म्हणतो हे सांगून प्रत्येक वेळी जोडले की, याला अधिकृत दुजोरा नाही. अखेर वृत्तसंस्थेची अधिकृत तार हाती आली. त्यांनी चष्मा लावला, ती वाचली, चष्मा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि सांगितले की, अध्यक्षांचा मृत्यू अडतीस मिनिटांपूर्वी झाला आहे. क्षणभर घसा दाटला. आवंढा गिळून त्यांनी पुढचे वाक्य सुरू केले.

हा प्रसंग क्रॉन्काइट रडले म्हणून अमेरिकेच्या स्मरणात राहिला, असे पुष्कळ म्हणतात. आमचे मत निराळे आहे. तो स्मरणात राहिला, कारण ते आधी थांबले होते. त्या थांबण्यामुळेच शेवटच्या वाक्यावर ऐकणाऱ्याने तत्काळ विश्वास ठेवला. ज्याने एक तास ‘अजून नक्की नाही’ असे सांगितले, त्याचे ‘आता नक्की आहे’ हे शब्द वजनदार ठरले. पुढे २२ जानेवारी १९७३ रोजी माजी अध्यक्ष जॉन्सन वारले, तेव्हा बातम्या चालू असतानाच निवेदकाच्या टेबलावर दूरध्वनी आला. क्रॉन्काइट यांनी कोट्यवधी लोकांना हाताने खूण करून थांबविले, जॉन्सन यांच्या माजी सहायकाचे म्हणणे ऐकून घेतले आणि मगच बातमी सांगितली. कन्सासमध्ये ज्या दूरध्वनीपायी नोकरी गेली होती, तोच दूरध्वनी आता साऱ्या देशादेखत त्यांच्या कानाला होता!

आता व्हिएतनामचे प्रकरण. १९६८ च्या जानेवारीअखेर तेथील कम्युनिस्ट फौजांनी टेटच्या सणात एकाच वेळी अनेक शहरांवर हल्ले चढविले. ‘विजय दृष्टिपथात आहे’ असे सांगणाऱ्या सरकारचे शब्द पोकळ वाटू लागले. क्रॉन्काइट स्वतः तेथे गेले, हिंडले, सेनापतींशी आणि सैनिकांशी बोलले. २७ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी एक खास कार्यक्रम सादर केला आणि अखेरीस आपले मत मांडले: युद्ध कोंडीत सापडले आहे, आणि वाटाघाटी हाच मार्ग शहाणपणाचा आहे. येथे एक भेद लक्षात घ्या. हे मत असल्याचे त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले; रोजच्या बातम्यांत ते मिसळून दिले नाही. दुधात पाणी घालून विकणारा आणि दूध वेगळे, पाणी वेगळे ठेवणारा या दोघांत जो फरक आहे, तोच हा फरक.

या कार्यक्रमाभोवती एक आख्यायिका जमली आहे. अध्यक्ष जॉन्सन यांनी तो पाहिला आणि ‘क्रॉन्काइट हातचा गेला, म्हणजे देश हातचा गेला’ अशा अर्थाचे उद्गार काढले, असे पुस्तकांतून, भाषणांतून शेकडो वेळा सांगण्यात आले. आम्हीही एके काळी अग्रलेखात ते सांगितले आहे. परंतु संशोधकांनी तपासले, तेव्हा असे आढळले की, कार्यक्रम चालू असताना जॉन्सन टेक्सासमध्ये राज्यपाल कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. शिवाय गॅलप संस्थेच्या ऑक्टोबर १९६७ च्या पाहणीतच ४७ टक्के लोक सैन्य पाठविणे ही चूक होती, असे म्हणत होते. चूक नव्हती म्हणणारे ४४ टक्के. म्हणजे लोकमत आधीच पालटू लागले होते. ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी पुन्हा उमेदवारी न करण्याचे जाहीर केले, त्यालाही पक्षांतर्गत आव्हानासारखी इतर कारणे होती. स्वीडनमध्ये वृत्तनिवेदकाला ‘क्रॉन्काइटर’ म्हणतात, ही दुसरी लाडकी गोष्टही अशीच निराधार निघाली. जो माणूस जन्मभर ‘आधी तपासा’ म्हणत आला, त्याच्याच चरित्रातील गोड गोष्टी लोकांनी न तपासता पसरविल्या! आपल्या आवडत्या माणसाविषयीची बातमीसुद्धा तपासून घ्यावी लागते. किंबहुना आवडत्या माणसाविषयीची अधिकच; कारण तिच्यावर आपला विश्वास आधीच बसलेला असतो.

क्रॉन्काइट हे कोणी अवतारी पुरुष नव्हते. १९६४ साली एका अधिवेशनात प्रेक्षक कमी पडले, म्हणून त्यांच्याच संस्थेने पुढच्या अधिवेशनातून त्यांना बाजूस सारले होते. हंटली आणि ब्रिंकली ही प्रतिस्पर्धी एन. बी. सी. संस्थेची जोडी कित्येक वर्षे त्यांच्या पुढे होती. अंतराळप्रवासाचे तर त्यांना लहान मुलासारखे वेड. २० जुलै १९६९ रोजी मानवाचे यान चंद्रावर उतरले, तेव्हा वर्षानुवर्षे अभ्यास करून बसलेल्या या वक्त्याला शब्दच फुटेनात. चष्मा काढून नुसते ‘अरे वा’ या जातीचे उद्गार काढून ते मोकळे झाले. तपासावयाचे ते तपासून झाल्यावर आनंद लपविण्याचे कारण नसते, हेही लोकांना आवडले.

वॉटरगेट प्रकरणात त्यांच्या मर्यादाही दिसल्या. ते प्रकरण खणून काढले ते ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी. क्रॉन्काइट यांनी २७ ऑक्टोबर १९७२ रोजी आपल्या कार्यक्रमातील तब्बल चौदा मिनिटे त्या एका विषयाला दिली आणि शहरापुरते राहिलेले प्रकरण देशापुढे नेले. परंतु अध्यक्षांच्या कचेरीतून संस्थेच्या मालकांकडे दटावणी झाली आणि दुसरा भाग सुमारे आठ मिनिटांवर आला. इतका विश्वासू, इतका वजनदार माणूस. पण पडदा त्याच्या मालकीचा नव्हता. ही गोष्टही आपण ध्यानात ठेवावी. निवेदक कितीही सरळ असो, यंत्र कोणाचे आहे, हा प्रश्न उरतोच.

त्याच १९७२ साली एका जनमत पाहणीत ते देशातील सर्वाधिक विश्वासार्ह ठरले. येथेही थोडी खुणगाठ बांधून ठेवू. त्या यादीत त्यांच्या जोडीला मुख्यतः राजकारणी माणसे होती. राजकारण्यांच्या रांगेत उभे राहून विश्वासात पहिले येणे फारसे अवघड नसावे, अशी थट्टा अमेरिकेतही झाली. तथापि विश्वास होता, हे कोणी नाकारीत नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांच्याशी उपग्रहाद्वारे एकाच दिवशी बोलून त्यांनी दोघांची मने साऱ्या जगासमोर अजमावली. त्याच आठवड्यात सादात जेरुसलेमला गेले.

आपला कार्यक्रम ते नेहमी एका वाक्याने संपवीत. ‘आणि वस्तुस्थिती ही अशी आहे’, असा त्याचा भावार्थ. पुढे त्या दिवसाची तारीख. त्यांच्या वृत्तविभागाचे प्रमुख रिचर्ड सॅलंट यांना हे वाक्य पसंत नव्हते. अर्ध्या तासात सारी वस्तुस्थिती सांगितली, हा दावा करणारे आपण कोण, असे त्यांचे म्हणणे. ते अगदी खरे होते, आणि पुढे क्रॉन्काइट यांनीही ते मान्य केले. ज्या दिवशी कार्यक्रमाचा शेवट मताने होई, त्या दिवशी ते हे वाक्य उच्चारीत नसत. एवढेच नव्हे, तर अर्ध्या तासाच्या बातम्यांचा सगळा मजकूर खिळ्यांत जुळवला, तर मोठ्या वर्तमानपत्राचे पहिले पानसुद्धा भरत नाही, असे ते स्वतः सांगत आणि लोकांना वर्तमानपत्रे वाचण्याचा आग्रह करीत. दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘माझ्या एकट्याच्या मालावर भागणार नाही, शेजारच्या दुकानातही जा’ म्हणून सांगावे, असा हा प्रकार. विश्वास मिळतो तो अशाने. ‘मीच सर्व सांगतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘माझे अपुरे आहे’ म्हणणाऱ्याचे लोक अधिक ऐकतात.

६ मार्च १९८१ रोजी, पासष्टी जवळ आली असता, त्यांनी ते आसन सोडले आणि डॅन रॅदर त्यांच्या जागी आले. त्याच वर्षी जानेवारीत अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला होता. १७ जुलै २००९ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ज्या कन्सास शहरात नोकरी गेली आणि जेथे त्यांना पत्नी बेट्‌सी भेटली, त्याच शहराच्या मातीत त्या दोघांना विसावा मिळाला.

आता आपल्याकडे येऊ. आज एकच माणूस संध्याकाळी येतो आणि सारा देश त्याचे ऐकतो, अशी स्थिती ना अमेरिकेत उरली, ना आपल्याकडे. तिच्याबद्दल उसासे टाकण्याचे कारण नाही. एकाच तोंडाकडे पाहणाऱ्या देशाला त्याचे धोकेही असतात. परंतु पूर्वी जे काम वृत्तसंस्था करीत, ते आज प्रत्येकाच्या खिशातला भ्रमणध्वनी करतो. संदेश येतो, अंगठा हलतो, संदेश पुढे जातो. पूर्वी खोटी बातमी छापावयास निदान जुळारी लागे, यंत्र लागे, रात्र जावी लागे. आता एक श्वासही पुरतो. म्हणजे कन्सासच्या त्या केंद्रावरील खुर्चीत आज आपल्यापैकी प्रत्येकजण बसला आहे. कोणी तरी सांगतो, अमुक चौकात दगडफेक झाली, अमुक गावात मुले पळविणारी टोळी आली, अमुक थोर पुरुष निवर्तले. सांगणारा आपला असतो, भला असतो. ‘माझ्या माणसाने डोळ्यांनी पाहिले’ म्हणून शपथ घेतो. दोन-दोन, तीन-तीन भाषा जेथे एका गल्लीत नांदतात, त्या आमच्यासारख्या गावात अशा एका संदेशाची किंमत काय होऊ शकते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगावयास नको.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. क्रॉन्काइट यांच्याएवढी कीर्ती आपणांस नको, त्यांची खुर्चीही नको. एक तास थांबण्याची सवय तेवढी घ्यावी. ज्या गावची बातमी, त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला एकदा विचारावे; नक्की नसेल, तर ‘नक्की नाही’ असे मोठ्याने म्हणावे; आपले मत सांगावयाचे असेल, तर ते मत म्हणूनच सांगावे. आणि आमच्या पत्राने चूक केली, तर पायरीवर येऊन बसावे आणि जाब विचारावा. तो अधिकार आपला आहे.

त्या म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस इतकी वर्षे लागली. ती आता हयात नाही. असती, तर आम्ही सांगितले असते: होय आजी, छापलेलेही खोटे असू शकते. त्या रात्री आम्ही थांबलो नाही, म्हणून तुम्हाला पावसात तीन कोस चालावे लागले. त्या दिवसापासून आमच्या कचेरीत मृत्यूची बातमी दुसऱ्या ठिकाणाहून खात्री केल्यावाचून पानावर चढत नाही, मग अंक उशिरा निघाला तरी चालतो.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.